झाड आमचे, शिक्का त्यांचा



हसनाबादच्या बैठकीपुढे कापसाचा भाव, पीकविमा आणि अतिवृष्टीचे अनुदान हे विषय आहेतच. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलतील. आम्ही या अंकात लिहिणार आहोत ते एका अशा मालाबद्दल, की जो बाजार समितीच्या फळ्यावर कधी लागत नाही, ज्याला हमीभाव नाही, ज्याचा विमा कोणी उतरवत नाही, आणि तरीही वाईट साल आले की आपल्यातली कितीतरी घरे त्याच मालावर तरून जातात. हा माल म्हणजे बांधावरचे झाड.

२०२५ चा हंगाम आठवून पाहा. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि वर्षअखेरपर्यंत काढलेलेच ठेवले. सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले, उभ्या कपाशीची बोंडे काळी पडली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव कागदावर क्विंटलला ८,११० रुपये होता. खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर ओलसर कापसाला त्या भावाचे नाव काढायची सोय नव्हती. अशा साली घरात रोकड येण्याच्या वाटा किती? बैल विकावा तर पुढचा हंगाम अडतो. डाग गहाण टाकावा तर तो मागच्याच वर्षी गेलेला असतो. मग नजर बांधाकडे जाते. आज्याने लावलेली चिंच, विहिरीवरचा आंबा, आपोआप उगवलेला लिंब, गिरजेच्या काठची बाभूळ. कोरडवाहू शेतकऱ्याचे मुदत ठेवीचे खाते ते हेच, फक्त त्याला पासबुक नाही.

आणि नेमक्या याच वेळी गुत्तेदार दारात येतो. त्याला गावातल्या लग्नांची, दवाखान्याची, सोसायटीच्या नोटिसांची बातमी आपल्या आधी असते. झाडाभोवती तो एक चक्कर मारतो, बुंध्यावर थाप मारतो, वर पाहतो आणि एक आकडा बोलतो. त्या आकड्यात माप नसते, वजन नसते, भाव नसतो. आपण हजार-दोन हजार वाढवून मागतो, तो पाचशे वाढवतो, इसार देतो आणि सौदा पुरा होतो. कापसाच्या एका किलोच्या कटतीवरून अडत्याशी भांडणारे आपण, चाळीस वर्षांचे झाड नजरअंदाजाने देऊन मोकळे होतो.

असे का होते?

जालना जिल्ह्यात जंगल नावालाच. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरात थोडे, बाकी गायरानातल्या बोरी-बाभळी. म्हणून लाकडाचा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरचा, आपला नाही, अशी एक समजूत आपल्यात आहे. ती सोडून दिली पाहिजे. आज देशात गिरण्यांवर जे लाकूड चिरले जाते, कागदाला आणि प्लायवूडला जे जाते, त्याचा फार मोठा भाग शेतकऱ्यांच्या शेताबांधावरून येतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला, तेव्हापासून तर अधिकच. लाकूड पिकवणारा मुलूख आता आपला आहे. फक्त लाकूड विकणाऱ्याचे हक्क आपल्याकडे आलेले नाहीत.

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचे कलम २५ सांगते की, धारण केलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा. वाचून बरे वाटते. पण तिच्याही दोन वर्षे आधीचा दुसरा एक कायदा आहे, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या परिशिष्टात साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, हिरडा, खैर, चंदन, अंजन अशा झाडांची यादी आहे. ही झाडे स्वतःच्या शेतात असली, स्वतः पाणी घालून वाढवलेली असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडायची नाहीत. एका कायद्याने मालकी दिली, दुसऱ्याने तिला कुलूप घातले आणि किल्ली कचेरीत ठेवली.

परवानगी मागायची म्हणजे अर्ज, सात-बारा, हद्दीची खात्री, स्थळपाहणी. सात-बाऱ्यावर अजून वारलेल्या आज्याचे नाव, त्याखाली पाच चुलतभाऊ, त्यांतला एक पुण्यात कंपनीत, एक बोलत नाही. सगळ्यांच्या सह्या आणा. तोड झाली तरी काम संपत नाही. लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना वेगळा. सुबाभूळ, निलगिरी अशा काही जातींना त्यातून सूट आहे. पण रस्त्यात गाडी अडवणाऱ्याला झाडाची जात ओळखता येते असे नाही, आणि ओळखता आली तरी तो ओळख दाखवील असेही नाही.

म्हणून गुत्तेदार म्हणतो, ‘पाटील, कागदाचं आमच्यावर सोडा.’ आणि आपण सोडतो. या एका वाक्याची किंमत झाडाच्या भावातून कापली जाते. किती कापली हे तो सांगत नाही, आपणही विचारत नाही. गुत्तेदाराला चोर म्हणण्यात अर्थ नाही. तो कायद्याने तयार केलेल्या दुकानात बसला आहे, इतकेच. परवाना जितका अवघड तितके त्याचे दुकान चालते. बेकायदा तोडीचा दंड पूर्वी १,००० रुपयांपर्यंत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो ५०,००० करायचा निर्णय घेतला. पर्यावरणाची काळजी म्हणून हे चांगले दिसते. पण धाक पन्नास पट झाला म्हणजे ‘कागदाचं बघायची’ किंमतही चढते, हे मुंबईत कोणाला सुचत नाही. ती किंमत चुकवतो झाडाचा मालक.

कापूसवाल्यांना हे नवीन नाही. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. आपला कापूस आपण शेजारच्या राज्यात नेऊन विकायचा नाही, सीमेवर नाकी, गाडी पकडली तर खटला. तिकडे भाव जास्त असला तरी पलीकडे पाहायचे नाही. ज्यांनी ती झोनबंदी भोगली त्यांना लाकडाचा वाहतूक परवाना समजावून सांगावा लागणार नाही. २९ डिसेंबर २०२३ पासून देशभर चालणारा एकच ऑनलाईन परवाना केंद्राने सुरू केला. रांग कमी झाली तर स्वागतच. पण दाणे विकायला परवाना लागत नाही, कडबा विकायला लागत नाही, मग स्वतःच्या बांधावरचे लाकूड विकायला का लागावा, हा मूळ प्रश्न मोबाईलवर आल्याने सुटत नाही.

सरकारच्या लाकडाची मात्र शान वेगळी. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले. त्याची पूजा झाली, शोभायात्रा निघाली. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही महाराष्ट्राचा साग बसला आहे. झाड आपल्या राज्याचे, आपल्याला अभिमान आहे. मात्र त्याच सागाचे दोन खांब शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातून स्वतःच्या लेकीच्या घरासाठी नेले, तर त्याला ढोल-ताशे नको होते, नुसते कोणी अडवले नसते तरी पुरले असते.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. शेतकऱ्याला झाडे लावायची गोडी नाही, त्याला शिकवावे लागते. शिकवून झालेले आहे. १९८० नंतरच्या वर्षांत सामाजिक वनीकरणाची लाट आली. गुजरात, पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांनी निलगिरी अशी लावली की सरकारची उद्दिष्टे मागे पडली. दशकाच्या शेवटी माल तयार झाला आणि भाव कोसळला. का कोसळला? माल एकदम आला हे एक कारण. दुसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. कागद गिरण्यांना सरकारी जंगलातून बांबू आणि लाकूड जवळपास फुकटात मिळत होते, आणि बाहेरून लगदा-लाकूड आणायची वाट खुली होती. गिरणीवाल्याने शेतकऱ्याचे लाकूड भावाने का घ्यावे? एन. सी. सक्सेना या सरकारी अधिकाऱ्यानेच हे तपशिलाने मांडले आहे. शेतकऱ्यांनी निलगिरीची खोडे उपटून पुन्हा गहू-ऊस लावला आणि सरकारी अहवालांत नोंद झाली की, शेतकऱ्याचा उत्साह टिकला नाही!

जवळपास फुकट म्हणजे किती, तेही सांगतो. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ च्या सुमारास बांबू टनाला दीड रुपया दराने देण्याचे ठरले होते, असे माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. गिरणीला कच्चा माल स्वस्त आणि राबणाऱ्याला महाग, हे गणित कापसात आणि लाकडात वेगळे नाही.

विकण्याचा हक्क हातात आला तर काय होते, हे पाहायला परदेशी जायला नको. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. हा सगळा मुलूखच लाकूड, बांबू आणि तेंदूपत्त्यावर जगणारा. पिढ्यान्‌पिढ्या तिथला माणूस जंगलात राबला तो मजूर म्हणून. बांबू कापायचा आदिवासीने, करार व्हायचा सरकार आणि कागद गिरणीत, आणि गावाला मिळायची ती रोजी. गिरणीने काम थांबवले की रोजीही थांबली. देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रामसभा उभी केली, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे लोक अभ्यासाला बसले. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढ्याने दावा टाकला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. खाते म्हणे, १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड आहे. वनहक्क कायदा म्हणे, बांबू हे गौण वनोपज आहे. बांबू स्वतः गवताच्या जातीचा. त्याला कोणी विचारले नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. मंत्र्याने गावात येऊन द्यावी अशी काय ती वस्तू होती? कागदाचा एक गठ्ठा. पण तो हातात येताच पुढच्याच हंगामात गावाने स्वतः लिलाव करून एक कोटी रुपयांच्या पुढे बांबू विकला. जंगल तेच, बांबू तोच, कापणारे हातही तेच. बदलले ते इतकेच की शिक्का मारणारा हात गावचा झाला.

तिथे आता सगळे आबादीआबाद आहे असे चित्र आम्ही रंगवणार नाही. तेंदूपत्त्यात २०१७ ला भाव चढले, पुढच्या वर्षी पडले, काही ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले. मोकळ्या बाजारात उभे राहायचे तर हिशोब आणि करार पक्के लागतात, हे त्या गावांना अंगावर काढून शिकावे लागले. पण जंगल ओरबाडले गेले, असे झाले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि वणवे लागतात. बांबूवर त्यांचे भागू लागले होते, म्हणून त्यांना असे ठरवता आले.

आता आपल्याकडे परत. एक आक्षेप आम्ही टाळणार नाही. बाभूळ आणि लिंब तर १९६४ च्या परिशिष्टात नाहीत. त्यांना परवानगीची अडचण नव्हती, मग तीच झाडे आपल्या शिवारातून सर्वांत आधी का संपली? आक्षेपात तथ्य आहे. तिफण, वखर, जू, गाडीचा आख हे बाभळीचे होते तोवर बाभळीला घरातच गिऱ्हाईक होते. औजारे लोखंडाची झाली, ट्रॅक्टर आला, सावलीखालची कपाशी हलकी पडते म्हणून झाड डोळ्यांत सलू लागले. शिवाय दुष्काळ. २०१२-१३ मध्ये या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा टँकरचे पाणी पाजूनही जगल्या नाहीत. पोराप्रमाणे वाढवलेली झाडे जेसीबीने उपटून सरपणाच्या भावाने वखारीत गेली. ज्या झाडाला चांगला भाव येऊ शकतो ते परवान्यात अडकलेले, आणि जे मोकळे आहे त्याला सरपणाचा भाव. मग बांधावर नवीन रोप लावणार कोण? मोकळीक दिली तर शेतकरी सगळे तोडील, ही भीती घालणाऱ्यांनी फिनलंडकडे पाहावे. तिथले निम्म्याहून अधिक जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचे आहे, पिढ्यान्‌पिढ्या ते तोडतात, विकतात आणि लावतात. विकता येते म्हणून लावतात.

मायबहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. झाडाचा सौदा बाप्ये ओट्यावर बसून करतात. त्या झाडाच्या सावलीत भाकर खाणारी, दर उन्हाळ्यात त्याची चिंच फोडून विकणारी, सिलिंडर परवडत नाही त्या महिन्यात पऱ्हाट्या आणि वाळल्या फांद्यांवर चूल पेटवणारी बाई त्या सौद्यात नसते. फळणारी चिंच विकायची की नाही हे तिला विचारून ठरवा. तिचा हिशोब बहुधा गुत्तेदारापेक्षा पक्का असतो. सात-बाऱ्यावर तिचे नाव असेल तर कलम २५ प्रमाणे झाडही तिचेच आहे, विचारण्याचा प्रश्नच उरत नाही.

मागणी करायची ती बैठकीत ठरेल. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, खातेदाराच्या शेतातली झाडे तोडणे आणि हलवणे परवान्यातून मोकळे करावे. फार तर तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत नोंद पुरे. बांबूच्या बाबतीत जंगलाबाहेर हे २०१७ मध्ये झाले, आकाश कोसळले नाही. २०१४ चे केंद्राचे कृषिवानिकी धोरणही नियम सैल करा असेच सांगते. चंदनाचे काय करायचे यावर मतभेद होतील. ज्याच्या शेतात चंदन आहे त्याला रात्री चोराची आणि दिवसा चौकशीची भीती, त्याचे ऐकून मग ठरवू.

पण कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. निदान माप तरी शिकू. गोल लाकूड मोजायची व्यापाऱ्याची रीत अशी: घेराचा चौथा भाग काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग लांबीने गुणायचे. सहा फूट घेराचा, दहा फूट लांब ओंडका घ्या. सहाचा चौथा भाग दीड. दीड गुणिले दीड सव्वादोन. गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट. आता शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या हिशोबाने त्याच ओंडक्यात साडेअठ्ठावीस घनफुटांहून थोडे जास्तच लाकूड भरते. सहा घनफूट गेले कुठे? साल आणि चिराईतली घट म्हणून ही रीत पडली असे सांगतात, आणि ते निव्वळ खोटे नाही. पण शंभरातले एकवीस घनफूट मापातच बाजूला ठेवणाऱ्याने भाव करताना घटीचे नाव पुन्हा काढू नये, एवढे आपल्याला म्हणता येते. सरपणाचा सौदा असेल तर वजनावर करा, काट्याची चिठ्ठी घ्या, आणि फांद्या कोणाच्या हे आधी बोलून घ्या. त्या फुकट नेणे हा काही रिवाज नव्हे.

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवायची सोय आहे, ती बहुतेकजण कापूस-तूर भरून झाल्यावर सोडून देतात. ती भरा. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या बांधावरच्या झाडांची यादी आणावी: जात, कोणत्या गटात, आणि जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर. शिंप्याची टेप चालेल, ती नसेल तर सुतळी गुंडाळून गाठ मारा आणि ती सुतळीच घेऊन या, इथे मोजून देऊ.